एकशे अकरा चिंचोके

"किती आहेत?" बिनीवालेबाईंनी विचारलं.

"एकशे अकरा."

"मोजलेस?"

"दोनदा."

मी पिशवी उलटी केली आणि सगळे चिंचोके परातीत ओतले. पितळी परात ती, केवढा आवाज झाला! समोरच्या घरातल्या काकू खिडकीत येऊन बघून गेल्या. बाई पडवीत आरामखुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. मी चौदा वर्षांची होते आणि मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आता येतेय वेणू परत, मी मनात म्हटलं, कशी येत नाही तेच बघते.

हे चिंचोक्यांचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बिनीवालेबाई आमच्या बार्शीच्याच. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, पण गावोगावची पोरं त्यांना ओळखायची ती वेणूमुळे. 'दीपगृहावरची वेणू'. समुद्रातल्या एका दीपगृहावर मामाबरोबर राहणारी अकरा वर्षांची पोरगी, तिचा एका डोळ्याचा बोका आणि लाटांबरोबर येणारं एकेक नवं लचांड. नऊ पुस्तकं होती वेणूची. आमच्याकडे नळाला तीन दिवसांनी पाणी यायचं, आणि आम्ही पोरं रांगेत कळशी घेऊन भरती-ओहोटीच्या गप्पा मारायचो! खुद्द बाईंनी समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीबरोबर. पण हे आम्हाला पुष्कळ पुढं कळलं.

नवं प्रकरण लिहून झालं की बाई रविवारी सकाळी नऊला पडवीत पाच-सहा पोरं बोलवायच्या. प्रत्येकाच्या हातात दहा चिंचोके आणि मधे ही परात. बाई वाचायच्या. ऐकता ऐकता ज्याचं लक्ष उडालं त्यानं एक चिंचोका परातीत टाकायचा. का टाकला ते सांगायचं नाही, लाजायचं नाही, आणि दुसऱ्यानं टाकला म्हणून आपण टाकायचा नाही. बाई मान वर न करता त्या ओळीशी लाल पेन्सिलीनं फुली मारायच्या आणि पुढं वाचायला लागायच्या. पुढच्या रविवारी फुलीतलं सगळं गायब. एकदा नसीर मुजावरनं एकट्यानं सात टाकले म्हणून बाईंनी अख्खं वादळ काढून टाकलं होतं.

"मोठी माणसं तोंडावर छान छान म्हणतात," बाई म्हणायच्या, "चिंचोका म्हणत नाही."

मी सातव्या वर्षापासून त्या पडवीत बसत आले. बाकीची पोरं हळूहळू गळाली. कुणी क्रिकेटला गेलं, कुणी क्लासला. मी चिकटून राहिले. नवव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर बाईंनी छापलंय, 'शैला बारंगुळे हिच्या चोख चिंचोक्यांस.' छापलंय! ते पान मी शाळेत एवढ्या जणांना दाखवलं की त्याचा कोपराच झिजून गेला.

आणि त्यानंतर रविवार बंद झाले.

"बाई, दहावं कधी?" मी जाता-येता विचारायची.

"बघू."

"मग आत बसून काय लिहिता?"

"लिहितेय काहीतरी."

"वेणूचं?"

"नाही गं."

वर्षभर हेच. मला तर झोप लागेना. वेणूचं नाही तर मग कुणाचं? बाई दुसरं काय लिहिणार? एक दिवस मी सरळ आत घुसले तर टेबलावर नवंकोरं पुस्तक. 'हौदाकाठचं घर'. मुखपृष्ठावर ना बोका ना समुद्र, नुसतं अर्धवट उघडं दार. खाली लिहिलेलं, कादंबरी.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. तीन महिने झाले निघून."

"आणि मला सांगितलंसुद्धा नाही?"

"मोठ्यांची आहे ती शैले. तुमच्यासाठी नाही."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं मी त्यांच्यासाठी कान टवकारून बसले, आणि आता मी कुणीच नाही! मी म्हटलं, "बाई, खरं सांगा. वेणू संपली?"

 बाईंनी पेपरवेटखालून एक पत्र काढलं. "प्रकाशकांचं आहे. म्हणतात, ही तुमच्या शब्दाखातर छापली, आता दहावी वेणू द्या. मोठ्यांसाठी लिहिणारे पुष्कळ आहेत."

"बरोबरच आहे त्यांचं."

बाई हसल्या. "वेणूला महिन्याला वीस पत्रं यायची. हिला तीन महिन्यांत एक कार्डसुद्धा नाही. वाचलीय की नाही कुणी, देव जाणे." त्यांनी पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं. "असं कर. तू माझी चोख श्रोती. घेऊन जा, वाच, आणि कंटाळा येईल तिथं समासात टिंब करून चिंचोका बाजूला काढ. पुढच्या रविवारी आण. कंटाळवाणी निघाली तर लिहिते प्रकाशकांना, घ्या तुमची वेणू."

"नक्की?"

"नक्की. फक्त आईला विचारून वाच."

आता आमची आई म्हणजे सातवी शिकलेली. दादांचं शिलाईचं दुकान होतं, आणि घरी बसून काजं करणं, तुरपाई करणं, बटणं लावणं हे आईचं काम. तिला वाचताना मी कधी पाहिलंच नव्हतं. किराण्याच्या पुडीचा कागद वाचला तर वाचला. वेणूची नऊ पुस्तकं घरात होती, त्यांवरची धूळ तेवढी ती झटकायची.

"आई, बाईंनी हे वाचायला दिलंय. मोठ्यांचं हाय म्हणाल्या. वाचू का?"

"मोठ्यांचं म्हंजी?"

"मला काय माहीत. तूच बघ."

मला वाटलं, दोन पानं चाळेल आणि देईल. कसलं काय! दोन दिवस पुस्तक तिच्याकडंच. विजारींचा ढीग तसाच पडलेला, आणि आई दारात उजेडाला बसून वाचतेय. वाचताना तिचे ओठ हलायचे. दादा दुपारी जेवायला आले तर भाजीच नव्हती, चटणीभाकरी खाऊन गेले बिचारे. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं.

"घे. वाच."

मी उघडलं आणि किंचाळलेच. पान एकशे बासष्ट ते एकशे सत्त्याहत्तर, सोळाच्या सोळा पानं आईनं शिवून टाकली होती! काळ्या दोऱ्यानं, तिन्ही बाजूंनी, तिच्या त्या मोजून मारल्यासारख्या टाक्यांनी.

"आई! बाईंचं पुस्तक हाय ते!"

"तेवढं सोडून वाच."

"काय हाय त्यात?"

"तुझ्या कामाचं न्हाई."

"घाण हाय?"

"गप बस. वाचायचं तर वाच, न्हाईतर दे परत करून."

मी पानं फुगवून आत डोळा लावून पाहिलं. एका जागी 'तिकीट' एवढा शब्द दिसला, एका जागी 'हातातली पिशवी'. तिकिटात आणि पिशवीत घाण काय असणार? उसवावं असंही मनात आलं. पण आईचा टाका होता तो. एकदा उसवला की तसाच परत घालणं दादांनासुद्धा जमत नसे, मला काय जमणार? दिलं सोडून.

आणि मग मी पुस्तक वाचलं. काय सांगू तुम्हाला! त्यात एक बाई होती. तिला धड नावसुद्धा नव्हतं, सगळे तिला वहिनी म्हणायचे. वहिनी हौदावर धुणं धुते. नवरा जेवतो आणि गप्प बसतो. सासरा खोकतो. चाळीस पानं झाली तरी कुणी हरवत नाही, कुणी सापडत नाही. वहिनी डाळ निवडते. तीन पानं डाळ निवडते! ज्या हातानं वेणूला उधाणात उडी मारायला लावली, त्याच हातानं ही डाळ? मला रडू आलं. सात वर्षं शेजारी बसलेली मैत्रीण एक दिवस दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर गेली की जसं येतं, तसं.

पहिल्या सत्तर पानांत मी जे चिंचोके काढले ते खरे. अगदी चोख. पण बहात्तराव्या पानावर वहिनी नवऱ्याचं ताट उचलते. त्यानं भाकरीचा शेवटचा तुकडा नेहमीसारखा टाकलेला असतो. ती तो तुकडा तोंडात टाकते आणि उभ्या उभ्या हसत सुटते. का हसते ते लिहिलेलंच नाही. ते पान मी तीनदा वाचलं. आणि समासात टिंब करून चिंचोका बाजूला काढला.

तिथून मी सुटलेच. कंटाळा आला तरी चिंचोका, नाही आला तरी चिंचोका. वेणू परत हवी होती ना मला! शेवटी एकेचाळीस खरे आणि सत्तर खोटे झाले. ते सगळे पिशवीत भरून मी रविवारी नऊला बाईंच्या दारात हजर.

बाईंनी चष्मा लावला, लाल पेन्सिल घेतली आणि पुस्तक उघडलं. प्रत्येक टिंबाशी थांबायच्या, दोन ओळी मनात वाचायच्या, फुली मारायच्या.

"डाळ निवडते तिथं तीन?"

"हो."

"बरोबर आहे. लांबलंय ते." पानं उलटत गेल्या. "बहात्तरलाही?"

"हो, बाई."

"नक्की?"

"कंटाळा आला."

"बरं." त्यांनी फुली मारली. मी परातीकडे बघत बसले. मग त्यांची पेन्सिल थांबली. "हे काय गं?"

"आईनं शिवलं."

बाई आधी खळखळून हसल्या. टाक्यांवरून बोट फिरवून म्हणाल्या, "काय सुबक शिवलंय! माझ्या पुस्तकाची एवढी निगा कुणी घेतली नव्हती." मग त्या एकदम मागची पानं भराभर उलटून बघू लागल्या. "शैले, एकशे दहाव्या पानावर दीर पिऊन येतो, शिव्या देतो. ते नाही शिवलं?"

"नाही."

"आणि सासरा वहिनीला बोलतो ते? चारचौघांत म्हणता येणार नाही असं बोलतो. तेही वाचलंस?"

"वाचलं की. तिथं चिंचोका नाही टाकला."

"ते उघडं ठेवलं आणि हे शिवलं." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "अगं, ह्या सोळा पानांत काहीच नाही. एक दिवस वहिनी पिशवी घेऊन स्टेशनवर जाते, तिकीट काढते, दिवसभर फलाटावर बसते आणि दिवेलागणीला घरी येते. झालं. कुणी तिला हातसुद्धा लावत नाही."

"मग आईनं का शिवलं?"

"तेच तर मी तुला विचारतेय."

मला कुठलं उत्तर माहीत असणार! आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्याची पर्वाही नव्हती. मी म्हटलं, "बाई, मग वेणू?"

बाईंनी परातीकडे पाहिलं. "हो. शब्द दिलाय." त्यांनी पोस्टकार्ड घेतलं आणि माझ्यासमोर लिहिलं. 'दहावी वेणू दिवाळीपर्यंत पाठवते. मोठ्यांचं लिहिणं थांबवलं आहे.' सही केली. कार्ड माझ्या हातात देताना म्हणाल्या, "जाता जाता पेटीत टाक."

मी पेटीपाशी गेलेही होते. पण म्हटलं, आधी आईला दाखवावं, मग नसीरला, आणि मग टाकावं. उड्या मारतच घरी आले. आई काजं करत होती.

"आई, वेणू येणार! हे बघ कार्ड!"

"बरं झालं."

"आणि बाई विचारत होत्या, ती पानं का शिवली म्हणून. म्हणाल्या, त्यात काहीच नाही."

आईची सुई थांबली. "कोण म्हनलं?"

"बाई."

"काहीच न्हाई म्हनल्या?"

"हो. म्हणाल्या, एक बाई जाते आणि येते, झालं."

"आगं बया!" आई म्हणाली. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "लिहिनारीच म्हनती काहीच न्हाई? मग लिहिलं कशाला?" तिनं हातातलं काम खाली ठेवलं, आत गेली, लग्नाकार्याला नेसायची निळी साडी नेसून आली आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"तुझ्या बाईंकडं."

वाटेत मी तिच्या मागून जवळजवळ पळत होते. आई त्या पडवीत पूर्वी कधी आली नव्हती. बाई तिला बघून उठून उभ्याच राहिल्या. "या, सुभद्राबाई. बसा ना खुर्चीवर."

आई उंबऱ्यावर टेकली. "न्हाई, हितंच बरं हाय. बाई, तुमचं पुस्तक शिवलं, त्याचा राग मानू नका. तुमचा अपमान करायचा नव्हता."

"छे छे! राग कसला? मला फक्त समजेना, की त्यात वाईट काय होतं."

"वाईट कुठं म्हनले मी?" आईनं माझ्याकडे पाहिलं. "शैला, आत जा. पानी आण."

मी आत गेले. माठ दाराशीच होता आणि पडवीतलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. मी तांब्या भरला आणि तिथंच उभी राहिले. आता मलाही राहवत नव्हतं. असं काय होतं त्या सोळा पानांत?

"पुस्तक चांगलं हाय," आई म्हणत होती. "मला जास्त कळत न्हाई, पर चांगलं हाय. एक चूक हाय तेवढी."

"कुठली?" बाईंचा आवाज एकदम सावध झाला.

"तुमची वहिनी दिवसभर फलाटावर बसून राहती. आसं हुईत न्हाई. बाईमाणूस एकटं फलाटावर बसलं की तासाभरात चार जन इचारत्यात. कुणाची तू? कुठं निघालीस? बरुबर कोन हाय? बसू देत न्हाईत. गाडीत बसल्यावर मातुर कोन काय इचारत न्हाई."

"तुम्हाला कसं माहीत?"

 मी तांब्या दोन्ही हातांनी धरला होता.

"मी बसले हुते," आई म्हणाली. "गाडीत."

"कधी?"

"शैला दुसरीत हुती. सकाळची छोटी गाडी. कुर्डुवाडीपत्तोर गेले."

मी दुसरीत होते. मला तो दिवस आठवला, एकदम, सगळाच्या सगळा. शाळेतून आले तर घराला कुलूप. शेजारच्या मुजावरकाकूंनी मला जेवायला वाढलं होतं, खिचडी आणि कढी. दादा लवकर घरी आले होते आणि म्हणाले होते, आई दवाखान्यात गेलीय. मग दिवेलागणीला आई आली आणि हातपाय धुऊन भाकरी थापायला बसली. औषधाची बाटली कुठाय, असं मी विचारलं होतं. कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"काही त्रास होता का घरी?" बाईंनी हळूच विचारलं.

"न्हाई वो. मारहान न्हाई, दारू न्हाई. ह्यांच्यासारखा मानूस मिळायचा न्हाई. सकाळी उठले, चूल पेटवली, आन् वाटलं, बास. एवढंच. तुम्ही लिहिलंय की तसंच. ते वाचलं आन् हातातलं कामच ऱ्हायलं. म्हटलं, हिला कुणी सांगितलं? मी तर आजपत्तोर कुणाला बोलले न्हाई. ह्यांनीबी कधी इचारलं न्हाई."

"मग कुर्डुवाडीला?"

"उतरले. फलाटावर उभी ऱ्हायले. समोर पुण्याची मोठी गाडी लागली हुती. पिशवीत दोन लुगडी हुती. तवा ध्यानात आलं, जायाचं तेवढं ठरिवलं, कुठं ते ठरिवलंच न्हाई. म्हायेरात आई न्हाई. पुन्यात कोन न्हाई. गाडी सुटली. मग परतीच्या गाडीत येऊन बसले."

बाई म्हणाल्या, "पोरीसाठी परत आलात."

 आता म्हणेल, हो. कुठलीही आई हेच म्हणेल.

"म्हनायला बरं वाटंल तसं," आई म्हणाली. "आठवन आली की तिची, न्हाई कशाला म्हनू? पर तिच्यासाठी परत आले म्हनले तर खोटं हुईल. जायाला जागा न्हवती म्हनून आले. म्हनून तर शिवलं ते. पोरीनं वाचलं आन् मला इचारलं, तर मी काय सांगू?"

किती वेळ मी तशी उभी होते कुणास ठाऊक.  शेवटी तांब्या घेऊन बाहेर आले. आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं.  तिनं पदर सारखा केला.

मी तांब्या खाली ठेवला आणि फ्रॉकच्या खिशातून कार्ड काढून बाईंच्या पुढं धरलं. आईनं एवढं मोठं बोलून टाकलं होतं, माझं तर नुसतं चिंचोक्यांचं होतं.

"मी टाकलं नाही पेटीत," मी म्हटलं. "बाई, त्यातले सत्तर खोटे आहेत."

"बहात्तराव्या पानावरचा?"

"खोटा. सगळ्यांत खोटा तोच." आणि मग मी रडायलाच लागले.

बाईंनी कार्ड घेतलं. "वाटलंच मला. त्या पानाला तुझ्या बोटांचा मळ लागलाय, तीन-चारदा तरी उघडलं असशील."

"मग कार्ड का लिहिलंत?"

"तू कधी खोटं न टाकणारी. तू वेणूसाठी एवढे खोटे टाकलेस, तर म्हटलं, हिला ती मनापासूनच हवीय. आणि दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतंच." त्यांनी आईकडे पाहिलं. "आज सकाळपर्यंत."

"तुम्हाला वेणू आवडत नाही आता?"

"आवडते गं. पण ती अकराचीच राहते, आणि मी एकसष्टची झाले. शेवटची दोन पुस्तकं लिहिताना माझंच लक्ष उडत होतं. मला कुणी चिंचोके दिले असते तर मीच परात भरली असती."

हे मला त्या दिवशी मुळीच पटलं नाही. वेणूचा कंटाळा येतो? कुणाला? मी नाक ओढत उभी राहिले. बाईंनी कार्ड चार तुकडे करून पुस्तकाखाली सरकवलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"सुभद्राबाई, त्या गाडीत काय काय दिसलं ते सांगाल मला? शेजारी कोण होतं, तुम्ही काय खाल्लंत, सगळं?"

"आज न्हाई," आई उठत म्हणाली. "कामं पडल्यात. पुढल्या रविवारी येते. नऊला."

मला कुणी विचारलंच नाही. पुढचं सबंध वर्ष त्या पडवीत माझ्या जागी आई बसली. वेणूचं दहावं पुस्तक आलं नाही, आणि बाईंची दुसरी कादंबरी मी वाचली ती थेट माझ्या लग्नानंतर.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी आम्ही दोघी बाईंच्या घरून निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. बाजारात गर्दी होती. आई पुढं आणि मी मागं. ती निळी साडी मला एकदम अनोळखी वाटायला लागली. मघाशी ती कपाटातून काढताना आईच्या मनात काय होतं, कुर्डुवाडीला ती कुठली साडी नेसून गेली होती, पुण्याची गाडी सुटताना तिनं डोळे मिटले होते की उघडे ठेवले होते, असलं काहीबाही मला विचारावंसं वाटत होतं. चौदा वर्षांत हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"आई."

"काय?"

"परत जाशील?"

ती चालतच राहिली. भाजीवालीनं हाक मारली, तिला तिनं हातानंच नको म्हटलं.

"कुठं ते ठरलं, तर जाईन," ती म्हणाली. मग मागं वळून माझ्याकडे बघून म्हणाली, "पर तुला सांगून जाईन."

ती थट्टा करत होती की खरं बोलत होती, मला कळलं नाही. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि ती माझ्यासमोर चालतेय याचं इतकं बरं वाटत होतं की मी पुढं होऊन तिचा पदर धरला. चांगली चौदा वर्षांची घोडी, भर बाजारात.

"आगं सोड की," आई म्हणाली, "लोक बघाय लागल्यात."

"बघू देत," मी म्हटलं, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.